माडाखाली एक फुली

खर्र.

थोडी उसंत, आणि पुन्हा खर्र.

शनिवारची दुपार होती. तुरीचे दाणे घातलेला भात जेवून पाच वर्षांची मारिएली व्हरांड्यातल्या झोळीत झोपली होती. प्रचाराच्या गाड्यांचे कर्णे नियमाप्रमाणे बंद झाले होते, आणि नीरफणसाखालच्या कोंबड्यांनीसुद्धा माना पिसांत खुपसल्या होत्या. एवढ्या शांततेत स्वयंपाकघरातून तो आवाज आला. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या नील्सानं मागे वळूनही पाहिलं नाही. हा आवाज तिच्या जन्माच्या आधीपासून या घरात होता. मतदानाच्या आदल्या दिवशी तिचे वडील, दोन एलादिओ ('दोन' हा तिथे मोठ्या माणसाला मानानं लावायचा शब्द, बाईला 'दोन्या'), केळी सोलायच्या सुरीनं पेन्सिल तासत.

तासून झाली की ते पावाची कागदी पिशवी फाडून टेबलावर सपाट करायचे, तिच्यावर एक माड काढायचे आणि माडाखाली फुली. माड ही त्यांच्या पक्षाची खूण. अमेरिकेच्या ताब्यातलं हे बेट एक दिवस तिचं एकावन्नावं राज्य होणार, असं मानणाऱ्यांचा तो पक्ष. नील्सा लहान होती तेव्हा तिला आणि तिच्या आईला टेबलाशी बसवून ते फुल्यांचा सराव करून घेत. "सरळ. चौकटीच्या आत. माडाखाली. आणि एकच!" आईला, एर्मेलिंदाला, वाचता येत नव्हतं. पण तिच्या फुल्या भरतकामातल्या टाक्यांसारख्या नेटक्या पडायच्या. वडिलांच्या मात्र नाहीत. विशीत ते कोरियाच्या लढाईवर गेले होते आणि तिथल्या थंडीनं त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं खाल्ली होती. पेन्सिल ते अंगठा आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरत. त्यामुळे फुलीची दुसरी रेघ शेवटी हाताबाहेर जायची आणि खाली डावीकडे वळून तिला शेपूट फुटायचं. कॉफीच्या पोत्यांवर तीच फुली, नील्साच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सहीशेजारी तीच फुली.

"पपा," नील्सा दारात येऊन म्हणाली, "उद्या माडाखाली मारायची नाही हं."

"म्हणजे? माड गेला कुठे?"

"आहे ना. कागदाच्या वरती, मधोमध. पण उद्याची निवडणूक घरातली आहे. दोघंही आपल्याच पक्षाचे, दोघंही माडाचेच. त्यातला नोव्हेंबरला उभा कोण करायचा तेवढं ठरवायचं. माडावर फुली मारली तर मत बाद. माणसाच्या फोटोखाली चौकट आहे, तिच्यात मारायची."

"मला शिकवतेस? तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी..."

"शिकवत नाही. मागच्या खेपेला कितीतरी म्हाताऱ्यांची मतं अशी वाया गेली, म्हणून सांगते."

"म्हातारे कोण?"

"शेजारचे," नील्सा म्हणाली. ते हसले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावून त्यांनी पिशवीवर दोन चौकोन काढले, शेजारी शेजारी. मग बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"मग कुणाच्या फोटोखाली मारू?"

हा प्रश्न येणार हे तिला तीन महिने ठाऊक होतं. तरी तो आला तेव्हा तिच्या हातात मारिएलीचा फ्रॉक होता आणि तिनं त्याची घडी एकदा घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. उद्या मी दोन नांदोंच्या बाजूनं मतदानाच्या टेबलावर बसणार आहे. मला विचारू नका."

"टेबल उद्या आहे. आज तू माझी मुलगी आहेस."

तिनं फ्रॉक ढिगावर ठेवला आणि झोळीत काहीच हललं नव्हतं तरी "उठली वाटतं" म्हणत ती बाहेर गेली.

---

गोष्ट अशी होती. नील्साचा नवरा एफ्राइन आठ महिन्यांपूर्वी फ्लोरिडात, ऑरलँडोला गेला होता. तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात तो चादरी वाळवायचा. याच डोंगरातल्या आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचा. जाताना त्यानं आणि नील्सानं एक करार केला होता. त्याची साक्षीदार म्हणून स्वयंपाकघरातली चूल सोडली तर कुणी नव्हतं. गावचे नगराध्यक्ष दोन नांदो यांनी शब्द दिला होता की, पक्षानं पुन्हा मलाच उभं केलं तर एफ्राइनला रस्त्यांच्या कामावर घेतो. नील्साची नोकरीही त्यांचीच. गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी नगरपालिका दुपारचं जेवण शिजवते, तिथे ती रांधायची आणि डबे घरोघर पोचवायची. सहा-सहा महिन्यांच्या कागदावर का होईना, नोकरी होती. तर करार असा : नांदो आले, तर उन्हाळ्यात एफ्राइन परत. नांदो पडले, तर उन्हाळ्यात नील्सा आणि मारिएली ऑरलँडोला.

आणि पपा? पपांना सोबत न्यायचा प्रश्नच नव्हता. एकदा तिनं विषय काढून पाहिला होता.

"मी राज्यात जाणार नाही," दोन एलादिओ म्हणाले होते. "राज्यानं माझ्याकडे यायचं."

हे सांगताना ते अजिबात हसले नव्हते.

डिसेंबरपर्यंत नांदोंना हरवणारं कुणी दिसत नव्हतं. नील्साच्या ग्वामा वाडीत नळाला पाणी त्यांनी आणलं. पण जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतरच्या आठवड्यात, रेडिओवर त्यांना कुणीतरी विचारलं की राज्याच्या दर्जाचं काय. आणि माणूस थकलेला असावा, किंवा खरं बोलला असावा. "चांदणी थांबेल," ते म्हणाले, "पाणी थांबत नाही."

बस. एवढंच वाक्य. चांदणी म्हणजे अमेरिकेच्या झेंड्यावरची एकावन्नावी, अजून न उगवलेली. त्याच संध्याकाळी वकील साल्दान्यांनी उमेदवारीचा अर्ज भरला. पाण्याबद्दल, रस्त्यांबद्दल त्यांच्याकडे सांगायला फारसं नव्हतं. ते घरोघर जाऊन एकच गोष्ट विचारायचे : "तुमचा नगराध्यक्ष राज्यवादी आहे की नाही?" आणि ज्या घरांत नांदोंनी आणलेलं पाणी माठात भरलेलं होतं, त्या घरांतसुद्धा लोक उत्तर द्यायच्या आधी थबकायला लागले. दुकानासमोरच्या डॉमिनोच्या टेबलाचे दोन भाग पडले. एका बाजूचे दुसऱ्या बाजूला "पाणक्ये" म्हणायचे, दुसरे पहिल्यांना "ज्योतिषी".

दोन एलादिओंनी त्या रात्री रेडिओ बंद केला तो आठवडाभर लावला नाही. डॉमिनोला जाणंही सोडलं. आणि एक गोष्ट त्यांनी अशी केली, किंवा केली नाही, जी फक्त नील्साच्या लक्षात आली. घरात एक झेंडा होता. आईनं मरायच्या आधी तीन वर्षं त्याच्यावर आपल्या हातानं एक जास्तीची चांदणी शिवली होती, पन्नासांच्या रांगेत जागा नव्हती म्हणून थोडी बाहेर, कडेला. दर निवडणुकीला तो झेंडा व्हरांड्याच्या गजांना लागायचा. या वेळी तो पेटीतून निघालाच नाही.

दर रविवारी एफ्राइनचा फोन यायचा. मागच्या रविवारी तो खुशीत होता. "इथे बाजाराच्या दारात एक पोरगी मतदारनोंदणीची पाटी घेऊन उभी होती. नाव विचारलं, सही घेतली. झालं! नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षाला मत देणार मी. मी!"

बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत नसतं. दोन एलादिओंनी फोन मागून घेतला. "विमानाच्या तिकिटाएवढंच लांब होतं होय रे ते? आणि मी वेडा, पायी कोरियापर्यंत गेलो."

एफ्राइन हसला. म्हातारासुद्धा हसला. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ आपल्या त्या दोन थोट्या बोटांना दुसऱ्या हातानं चोळत बसले होते. थंडी वाजल्यासारखे. बाहेर तर ऊन होतं.

---

ग्वामाच्या मतदारांचं टेबल शाळेतल्या दुसरीच्या वर्गात होतं. खुर्च्या दुसरीच्याच, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. वकिलांच्या बाजूनं बसल्या होत्या दोन्या प्रोवी. त्यांनी याच वर्गात नील्साला अक्षरं शिकवली होती.

"ताठ बस, नील्सा. अजून वाकतेसच."

"खुर्चीच वाकडी आहे, बाई."

"खुर्ची बावीस वर्षांपूर्वी सरळ होती. तूच वाकवलीस."

लोक यायचे, नाव सांगायचे, बोट शाईत बुडवायचे आणि खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला जायचे. सकाळची प्रार्थना आटोपल्यावर दोन एलादिओ आले. इस्त्रीचा पांढरा ग्वायाबेरा सदरा, डोक्यावर लढाईतल्या पलटणीची टोपी आणि बोटाला धरलेली मारिएली.

"नाव?" नील्सानं विचारलं. विचारावंच लागतं.

"तुला नाव कुणी दिलं ते आठव, तेच."

दोन्या प्रोवी खुदकन हसल्या. दोन एलादिओंनी थोटं बोट शाईत घातलं. मारिएलीनं आपलंही बोट पुढे केलं. "ममा, मला पण! मला पण!"

"तुला तेरा वर्षांनी, मिहा, पोरी माझ्या."

"तेरा म्हणजे किती झोपा?"

"खूप. जा, दाराशी उभी राहा."

दोन एलादिओ आडोशामागे गेले. पुठ्ठ्याखालून त्यांचे बूट दिसत होते, काळ्या पॉलिशचे, एकमेकांना चिकटून, परेडला उभे असावेत तसे. वेळ गेला. रांगेतल्या तीन माणसांनी अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतला. बूट हलले नाहीत.

"दोन एलादिओ," दोन्या प्रोवींनी हाक मारली, "आत डोळा लागला का?"

"विचार करतोय, मास्तरीणबाई. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही घरी जा."

रांग हसली. नील्सानं समोरच्या यादीवरचं बोट काढलं नाही. तिला वाटलं, आपण काल सांगायला हवं होतं. एक शब्द. नांदो. किंवा निदान, "मला जायचं नाहीये हो, पपा." एवढं तरी. तिनं काय म्हटलं, तर तुमचं तुम्ही ठरवा. आणि आता सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस पुठ्ठ्याच्या आडोशाला एकटा उभा होता, एका हाताला मुलगी आणि दुसऱ्या हाताला बायकोनं शिवलेली चांदणी घेऊन.

ते बाहेर आले. चार घड्या घातलेला कागद त्यांनी पेटीत सोडला, मारिएलीचा हात धरला आणि नील्साकडे न बघता निघून गेले.

---

दुपारी तीनला दार बंद झालं आणि पेटी टेबलावर उपडी केली गेली. मोजायची पद्धत साधी. एकीनं कागद उचलायचा, उलगडायचा, वर धरायचा. दोघींनी बघायचं, दोघींनी म्हणायचं. दोघींचं एक झालं की त्या ढिगावर.

"नांदो."

"नांदो."

"वकील."

"वकील. हा कागद कॉफीत बुडवून आणलाय का कुणी?"

"तुमच्याकडचाच आहे, बाई, तुम्हीच ओळखा."

ढीग वाढत गेले, जवळपास सारखे. मग दोन्या प्रोवींनी एक कागद उचलला आणि उसासा सोडला. दोन्ही फोटोंखालच्या चौकटी कोऱ्या. वर, मधोमध छापलेल्या माडाच्या खोडावर एक नीटस फुली.

"आपलाच कुणीतरी म्हातारा."

"किंवा म्हातारी."

"पन्नास वर्षं आम्हीच घोकून घेतलं ना, माडाखाली एक फुली, माडाखाली एक फुली. आता हात ऐकतो होय! बाद."

"बाद."

असे आणखी दोन निघाले. तिसऱ्याला दोघींना हसूच आलं, कारण त्या माणसानं माडावर फुली मारून शेजारी नारळही काढला होता.

चौथा कागद नील्साच्या हातात आला.

तिनं तो उलगडला आणि वर धरला. धरताना तिला कळलं नव्हतं. धरल्यावर कळलं. माडावर फुली. दुसरी रेघ खोडावरून खाली उतरलेली आणि तिथून डावीकडे वळलेली. डावीकडे नांदोंचा फोटो होता. रेघेचं शेपूट त्यांच्या चौकटीच्या कोपऱ्याला टेकलं होतं.

बाहेर कुणीतरी शाळेच्या नळावर हात धूत होतं. नळाला पाणी होतं.

दोन्या प्रोवींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि पुढे वाकल्या. "हं. शेपूट तुमच्या माणसाला लागतंय बरं का." त्यांनी नील्साकडे पाहिलं, पण त्या बघण्यात काही नव्हतं. त्यांनी दोन एलादिओंची पोती कधी पाहिली नव्हती. नील्साचं प्रगतिपुस्तक पाहिलं असेल, पण वर्षाला चाळीस मुलं, कुठली आठवणार फुली! "हरकत घेतेस? घेतलीस तर वेगळ्या पाकिटात घालून राजधानीत, सान हुआनला पाठवू. तिथे भिंग लावून ठरवतील. मी भांडणार नाही. माझ्या माणसाच्या बाजूला असतं तर मी घेतलीच असती, खोटं कशाला बोलू."

नील्सा कागदाकडे बघत राहिली. सान हुआनची माणसं भिंग लावून म्हणतील, या मतदाराला नांदो हवे होते, हात जरा चुकला. ते खरं नसेल. हात चुकला नव्हता. हात कोरियातून तसाच आला होता. पोत्यावर वकीलही नसायचा आणि नांदोही नसायचे, तरी ते शेपूट डावीकडेच जायचं. हे जगात फक्त तिला माहीत होतं. आई होती तोवर दोघींना माहीत होतं.

पण मग माडावर फुली का? सवयीनं? काल तर तिनं सांगितलं होतं, आणि त्यांनी पिशवीवर दोन चौकोन काढले होते. इतका वेळ बूट जागचे हलले नव्हते. सवयीला इतका वेळ लागतो? की दोन्ही चौकटींवरून पेन्सिल फिरवून फिरवून शेवटी ते जिथून निघाले तिथेच जाऊन पोचले? हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. हरकत घेतली तर त्यांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या तोंडी घातल्यासारखं होईल. आणि तेही आपल्यासाठी, म्हणून.

"नील्सा? मिहा?"

"बाद," ती म्हणाली.

"नक्की?"

"फुली माडावर आहे, बाई. तुम्हीच शिकवलंत, चौकटीच्या आत."

"बाद," दोन्या प्रोवी म्हणाल्या, आणि कागद त्या छोट्या ढिगावर गेला, नारळाच्या चित्रावर.

---

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दोन एलादिओ व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मारिएली आपल्या वेलोसाठी, आजोबांसाठी, रिकाम्या टरफलांच्या होड्या करत होती. नील्सानं पायातले बूट काढले, पाय फरशीवर टेकवले आणि शेंगांची परडी दोघांच्या मध्ये ओढली. तीही शेंगा उकलू लागली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या टेबलावर नांदो पुढे. थोडेच. बाकी गावात वकील. दोघांत इतकं कमी अंतर आहे की फेरमोजणी होणार."

"बाद किती गेली?"

"चार."

त्यांनी एक शेंग उकलली. आत चारच दाणे होते, एक किडका. किडका त्यांनी अंगठ्यानं बाजूला केला. "बिचारे म्हातारे," ते म्हणाले. "सवय."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते परडीकडे बघत होते. त्या क्षणी तिला विचारता आलं असतं. पण विचारायचं काय? तुमचं मत मी पाहिलं, असं कसं सांगायचं? आणि त्यांनी उत्तर दिलं असतं, तर त्यातलं कुठलं उत्तर तिला हवं होतं? सवय, असं म्हणाले असते तर त्यांचं वय झालं, असा अर्थ. आणि सवय नाही, असं म्हणाले असते तर...

"एर्मेलिंदा म्हणायची," दोन एलादिओ अचानक म्हणाले, "पेन्सिल हातात आली की हात आपला राहत नाही."

"आई असं कधी म्हणाली?"

"तुला नाही. मला."

मग त्यांनी पुढची शेंग घेतली.

रविवार असून एफ्राइनचा फोन त्या दिवशी उशिरानं आला. निकाल त्याला आधीच कुणीतरी कळवला होता. "अजून आशा आहे ना?" त्यानं विचारलं. ती "आहे" म्हणाली. त्याच्या मागे कोरड्या गरम हवेत यंत्रं घरघरत होती. त्या कागदाबद्दल तिनं त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डबे वाटताना दोन्या लुसिला, दोन क्रूस, काठी टेकत चालणारे दोन सांतोस, सगळ्यांनी तिला विचारलं, "काय गं, काय होणार?" त्यांच्यातल्या कुणीतरी नारळ काढला होता. तिला वाटलं, या सगळ्यांत आपणच एकट्या अशा आहोत की ज्यांना काहीतरी माहीत आहे, आणि जे माहीत आहे त्याचा उपयोग काहीच नाही.

---

फेरमोजणी अकरा दिवस चालली. गुरुवारी सकाळी रेडिओवर आलं : नांदो दोन मतांनी पडले.

दोन. नील्सा त्या वेळी मोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. तिच्या हातातला एक कागद पाकिटात गेला असता आणि सान हुआननं तो नांदोंना दिला असता, तरीही एकानं कमीच. म्हणजे तिच्यामुळे काही झालं नाही. हा दिलासा तिनं दिवसभरात कितीदा तरी घेऊन पाहिला. तो पोटात उतरेना.

दुपारी नांदो स्वतः स्वयंपाकघरात आले. मागच्या दारानं. टोपी हातात. "जानेवारीपर्यंत मी आहे, नील्सा. तोवर तुझं काम आहे. पुढचं... नवऱ्याला सांग, मला माफ कर म्हणावं."

"तुम्ही काय केलंत?"

"रेडिओवर बोललो," ते म्हणाले, आणि पातेल्याच्या बुडाला लागलेल्या खरपुडीकडे बघत, "थोडी दे गं त्यातली," म्हणून हातावर घेऊन खात बाहेर पडले.

तिनं एफ्राइनला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "इथे शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात. जूनपर्यंत या. मी दुसरी खोली बघतो." त्याला आनंद झाला होता आणि तो ते लपवत होता. तिचं जे होतं, ते तीही लपवत होती. दोघं हवापाण्यावर बोलले.

रविवारी वकिलांची मिरवणूक निघाली. निळे झेंडे लावलेल्या गाड्या डोंगरातल्या वळणांवरून एकामागून एक भोंगे वाजवत खाली आल्या. सगळ्यांत पुढच्या गाडीवर एकावन्न चांदण्यांचा झेंडा होता, नवा, छापलेला, सगळ्या चांदण्या सारख्या रांगेत. नील्सा मारिएलीला घेऊन पायरीवर बसली होती. आतल्या खोलीत पलंगावर उघडी बॅग होती, आणि तिच्यात आतापर्यंत फक्त मुलीचा हिवाळ्याचा स्वेटर. ऑरलँडोत त्याची गरज नाही असं एफ्राइन म्हणाला होता, तरी तिनं तोच आधी भरला होता.

दोन एलादिओ व्हरांड्यात गज धरून उभे होते.

"दोन एलादिओ!" गाडीतून कुणीतरी ओरडलं. "जिंकलो की! झेंडा कुठाय? एर्मेलिंदाची चांदणी काढा बाहेर!"

त्यांनी एक हात वर केला. अर्धाच. मतदानाची शाई आता फक्त थोट्या बोटाच्या टोकाला उरली होती. गाड्या गेल्या, धूळ खाली बसली. ते वळले आणि आत गेले. स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग झेंडा ठेवलेल्या पेटीचं झाकण उघडल्याचा.

मारिएलीनं गाड्या बोटांवर मोजल्या होत्या. बोटं संपल्यावर तिनं आईची घेतली होती. आता ती आईचं बोट धरून तशीच बसली.

"ममा, आपण हरलो ना?"

"हो, बाळा."

"म्हणून डॅडीकडे जायचं?"

"हो."

"आणि वेलो नाही येणार."

"नाही. वेलो इथेच."

आत पेटीचं झाकण हळूच खाली टेकलं. मारिएलीनं दाराकडे पाहिलं, मग आवाज खूप खाली आणून, आईच्या कानाला ओठ लावून विचारलं,

"मग वेलोनं फुली कुणाला मारली?"